मल्हारराव महाराज गायकवाड

विद्यार्थ्यांच्या हाती चरित्रे द्यावयाची ती अनुकरणीय पुरुषांचीच असावीत, असा सर्वसाधारण समज आहे, व तो वावगा नाही. तथापि काही आयुष्ये अशी असतात की, त्यांचे अनुकरण कोणी करू नये, परंतु त्यांचा अभ्यास मात्र अवश्य करावा. बडोद्याचे मल्हारराव महाराज गायकवाड यांचे आयुष्य ह्या दुसऱ्या वर्गात मोडते. एके काळी मराठी मुलखात त्यांचे नाव घरोघर निघत असे. आज ते बहुधा रेसिडेंटास विष घालणारा राजा एवढ्याच ओळखीने उरले आहे. ही ओळख कितपत खरी, ती खरी की खोटी हे ठरविण्याची साधने त्या काळी कोणती होती, आणि आज ती किती पुढे गेली आहेत, ह्याचा विचार आम्ही ह्या चरित्राच्या निमित्ताने करणार आहो.

गायकवाडांचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातील दावडी. पिलाजी व दमाजी यांच्या पराक्रमाने हे घराणे गुजरातेत स्थिर झाले, आणि गुजराती प्रजेच्या मध्यभागी बडोद्याचा राजवाडा मराठी बोलत राहिला. दुसरे सयाजीराव महाराज यांनी १८१९ पासून १८४७ पर्यंत राज्य केले. त्यांच्या पश्चात वडील पुत्र गणपतराव, व १८५६ साली गणपतराव वारल्यावर खंडेराव गादीवर आले. मल्हारराव हे ह्यांचे धाकटे बंधू. त्यांचा जन्म १८३१ सालचा. गादी आपणांकडे येईल अशी अपेक्षा नसलेल्या राजपुत्राचे जसे होते तसेच त्यांचे झाले. राज्य कसे करावे ह्याचे रीतसर शिक्षण त्यांस मिळाले नाही. राजवाड्यातील संशय व कारस्थाने मात्र लहानपणापासून डोळ्यांसमोर होती.

१८६३ साली खंडेराव महाराजांच्या जिवावर घाला घालण्याचा कट केल्याच्या संशयावरून मल्हाररावांस बडोद्याजवळील पादरा येथे कैदेत ठेवण्यात आले. सात वर्षे ते तेथे होते. पुढे त्यांच्यावर जो आरोप आला त्याच स्वरूपाच्या संशयाने त्यांच्या तारुण्याचा शेवट झाला होता, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. कैदेतील माणसाच्या मनात दोनच गोष्टी वाढतात, भीती व सूडबुद्धी. आणि त्या दोन्ही घेऊन मल्हारराव बाहेर आले.

१८७० च्या नोव्हेंबर महिन्यात खंडेराव महाराज निपुत्रिक वारले व पादऱ्याच्या कैद्यास एकाएकी राज्य प्राप्त झाले. परंतु त्यातही एक अट होती. खंडेरावांच्या राणीसाहेब जमनाबाई गरोदर होत्या. पुत्र झाल्यास गादी त्याची, असे ठरले होते. १८७१ च्या जुलै महिन्यात त्यांस कन्या झाली, तेव्हाच मल्हाररावांचे आसन स्थिर झाले. जमनाबाई पुढे पुण्यास जाऊन राहिल्या. त्यांच्याच हातून पाच वर्षांच्या आत बडोद्याच्या इतिहासास नवे वळण लागणार होते.

मल्हाररावांचा कारभार थोडक्यात सांगणेच बरे. मागील राजाच्या मर्जीतील माणसांस त्यांनी बडतर्फ केले, कित्येकांची मालमत्ता जप्त केली. खंडेरावांचे कारभारी भाऊ शिंदे यांस कैदेत टाकण्यात आले व १८७२ साली ते कैदेतच मरण पावले. त्यांस विष दिले गेले अशी कुजबुज शहरभर झाली. शेतसाऱ्याचा बोजा वाढला, सावकारांस व सरदारांस छळ झाला, स्त्रियांवर जुलूम झाल्याच्या तक्रारी उठल्या. भावाने चांदीच्या तोफा केल्या म्हणून ह्यांनी सोन्याच्या करविल्या. राजा प्रजेसाठी असतो हा विचार त्या दरबारात कोणास शिवला नव्हता, असे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

१८७३ च्या मार्च महिन्यात कर्नल रॉबर्ट फेअर हे बडोद्यास रेसिडेंट म्हणून आले. देशी संस्थानातील रेसिडेंट म्हणजे काय, हे आमच्या बीडच्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज पडू नये. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, व हैदराबादेसही असाच एक रेसिडेंट बसत असे. राजा सिंहासनावर, परंतु त्याच्या कारभारावर डोळा मात्र रेसिडेन्सीचा, अशी ती व्यवस्था. फेअर हे तडफदार परंतु एककल्ली गृहस्थ होते. प्रजेच्या तक्रारी त्यांनी मनावर घेतल्या, ही त्यांची चांगली बाजू. जो येईल त्याच्या कागाळ्या ऐकण्यास त्यांचे दार उघडे असे, ही दुसरी बाजू. त्यांच्या लिहिण्यावरून सरकारने कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ नेमले. मंडळाने कारभारात गंभीर दोष दाखविले, आणि व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी १८७४ च्या जुलै महिन्यात महाराजांस कळविले की, १८७५ च्या अखेरीपर्यंत कारभार सुधारला नाही तर राज्य हातचे जाईल.

ह्याच सुमारास दादाभाई नवरोजी बडोद्याचे दिवाण झाले. त्यांनी व त्यांच्या साथीदारांनी घडी बसविण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. पण एका बाजूस महाराजांचे जुने सल्लागार व दुसऱ्या बाजूस रेसिडेंट, अशा कात्रीत ते सापडले. त्याच वर्षी मे महिन्यात महाराजांनी लक्ष्मीबाईंशी विवाह केला. त्यावरूनही दरबार व रेसिडेन्सी यांच्यात वाद माजला. अखेर २ नोव्हेंबर १८७४ रोजी महाराजांनी व्हाइसरॉयांकडे खलिता पाठविला, व कर्नल फेअर यांस बदलावे अशी विनंती केली. ही विनंती न्यायाची होती, व पुढे सरकारनेही ती आपल्या परीने मान्य केली. परंतु खलिता गेल्यास आठच दिवस होतात न होतात तोच बडोद्यात असा प्रकार घडला की, त्यामुळे सर्व प्रश्नच बदलून गेला.

कर्नल फेअर यांचा नित्यक्रम असा असे की, पहाटे फिरून आल्यावर पपनसाच्या रसाचे सरबत घ्यावे. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी सकाळी ते परत आले व मेजावर ठेवलेल्या पेल्यातून त्यांनी एक-दोन घोट घेतले. चव बरी लागली नाही म्हणून उरलेले सरबत त्यांनी बाहेर ओतून दिले. थोड्या वेळाने त्यांस मळमळ व भोवळ वाटू लागली. पेला खाली ठेवताना तळाशी काळसर गाळ चिकटलेला दिसला. त्यांनी तत्काळ रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांस बोलावले. डॉक्टरांनी गाळ तपासला व त्यांस विषाचा संशय आला. पुढील परीक्षेसाठी तो मुंबईस सरकारी केमिकल अॅनालायझर डॉ. ग्रे यांजकडे रवाना झाला. डॉ. ग्रे यांचा निर्णय आला तो असा की, गाळात सोमल आहे व हिऱ्याचे चूर्णही आहे.

येथे थोडे थांबून ह्या दोन पदार्थांविषयी सांगणे अवश्य आहे. सोमल म्हणजे आर्सेनिक ह्या मूलद्रव्याचा व प्राणवायूचा पांढरा संयोग. त्याचीच गंधकाशी झालेली भावंडे आपल्या परिचयाची आहेत: पिवळा हरताळ व तांबडा मनशीळ. जुने लेखक पोथीतील चुकीच्या अक्षरावर हरताळ लावून ते बुजवीत, त्यावरूनच एखाद्या गोष्टीस हरताळ फासणे हा वाक्प्रचार आला. उंदीर मारण्यास व वैद्यकात घोड्यांच्या खरजेवर सोमल पूर्वी सर्रास वापरला जाई, त्यामुळे तो बाजारात सहज मिळे. त्यास वास नाही, चवही जवळजवळ नाही. आणि त्याने होणारी ओकारी व जुलाब पटकीसारखे भासतात. म्हणूनच अनेक शतके तो दुष्टांचा आवडता साथी होता. मात्र थंड पाण्यात तो फार सावकाश विरघळतो व बराचसा तळाशी बसतो. बडोद्याच्या पेल्यात गाळ उरला तो ह्याच गुणामुळे. हिऱ्याचे चूर्ण हे मात्र निराळे प्रकरण. हिरा खाल्ल्याने मनुष्य मरतो ही आपल्याकडील जुनी समजूत. वस्तुतः हिरा म्हणजे शुद्ध कार्बन, पोटातील कोणत्याही रसाने तो विरघळत नाही, व विष म्हणून त्याचा काही उपयोग नाही. तेव्हा ज्या कोणी तो पेल्यात घातला त्याची श्रद्धा त्याच्या रसायनज्ञानापेक्षा मोठी होती.

अन्नपाण्यात किंवा मृताच्या शरीरात सोमल आहे हे खात्रीने दाखविणे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीपर्यंत फार कठीण होते. १८३३ साली इंग्लंडात एका तरुणावर आजोबास कॉफीतून सोमल दिल्याचा खटला झाला. वूलिच येथील तोफखान्याच्या कारखान्यातील रसायनज्ञ जेम्स मार्श यांनी परीक्षा करून पिवळा साका काढला. परंतु तो पंचांपुढे जाईपर्यंत बिघडला, व आरोपी सुटला. मार्श यांच्या मनास ते लागले. त्यांनी अशी पद्धत शोधली की, तिचा पुरावा टिकावा व कोणासही डोळ्यांनी पाहता यावा. ती त्यांनी १८३६ साली प्रसिद्ध केली. संशयित पदार्थ आम्लात घालून त्यात जस्ताचे तुकडे टाकावयाचे; हायड्रोजन वायू सुटू लागला म्हणजे सोमलातील आर्सेनिक त्याच्याशी संयोग पावून वायुरूपाने बाहेर पडते; तो वायू तापलेल्या काचेच्या नळीतून जाऊ दिला की तेथे तो फुटतो, व नळीच्या थंड भागावर आर्सेनिकाचा काळा चकचकीत आरसा जमतो. ह्या कृतीचे मर्म असे की, मांस, कॉफी, सरबत, काहीही असो, विष स्वतःच वायू होऊन त्या गर्दीतून वेगळे निघते. ओळखण्यापूर्वी वेगळे करणे, हा जो रासायनिक पृथक्करणाचा पाया, तो येथे उत्तम रीतीने दिसून येतो. पुढे १८४१ साली राइन्श नावाच्या जर्मन रसायनज्ञाने तांब्याच्या पट्टीवर आर्सेनिकाचा पापुद्रा बसविण्याची सोपी रीत काढली.

परंतु ह्या परीक्षांनाही खाचखळगे होते. सुरम्यातील अँटिमनी हा धातूही तसाच आरसा देतो. मग तो आरसा क्लोरिनयुक्त द्रवात बुडवून पाहावा लागतो, कारण आर्सेनिक त्यात विरघळते, अँटिमनी विरघळत नाही. शिवाय बाजारच्या जस्तात व आम्लात मुळातच थोडे आर्सेनिक असते. म्हणून संशयित पदार्थ न घालता आधी नुसत्या जस्ताची व आम्लाची परीक्षा करावयाची, ती कोरी निघाली तरच पुढे जावयाचे, असा नियम ठरला. १८४० साली फ्रान्सात लाफार्ज खटल्यात स्थानिक परीक्षकांस ह्याच यंत्राने विष सापडले नाही, व पॅरिसहून आलेल्या ऑर्फिला यांस ते सापडले. यंत्र तेच, हात निराळे. ह्यावरून पुरावा यंत्राइतकाच ते चालविणाऱ्याच्या सावधपणावर अवलंबून असतो, हे स्पष्ट होईल.

बडोद्याच्या प्रकरणी परीक्षकांचे काम त्या मानाने सुलभ होते. मृतदेह नव्हता, कुजलेली आतडी नव्हती. ताजा गाळ होता. त्यात सोमल होता ह्याविषयी पुढे फारशी शंका कोणी घेतली नाही. परंतु सरबत ओतून टाकलेले असल्यामुळे पेल्यात एकंदर किती विष होते, व घोटाबरोबर किती पोटात गेले, हे सांगण्यास मार्ग उरला नाही. आणखीही एक विलक्षण गोष्ट बाहेर आली. विषात सोमल, हिऱ्याचे चूर्ण व तांबे आहे, अशी खबर फेअर यांस भाऊ पुणेकर नावाच्या गृहस्थाकडून काही दिवसांतच मिळाली होती, व ती त्यांनी लेखी कळविलीही होती. खबर देणाऱ्यास हे कसे कळले, हा प्रश्न पुढे बचावाच्या वकिलांनी मोठ्या जोराने उपस्थित केला.

नोव्हेंबर संपण्याच्या सुमारास सरकारने फेअर यांस बडोद्याहून दूर करून सर लुई पेली यांस पाठविले. तपासाचे काम मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर यांजकडे आले. रेसिडेन्सीतील हवालदार रावजी याने माफीच्या अभिवचनावर कबुली दिली की, महाराजांच्या सांगण्यावरून आपणच पेल्यात पूड टाकली. त्याच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली असे पोलिसांनी दाखविले. नरसू जमादारानेही कबुली दिली, व नंतर रेसिडेन्सीच्या आवारातील विहिरीत उडी घेतली. त्यास बाहेर काढण्यात आले. महाराजांचे खाजगी चिटणीस दामोदरपंत यांस बरेच दिवस कैदेत ठेवल्यावर त्यांनीही माफीच्या आशेवर जबानी दिली की, घोड्याच्या औषधाच्या निमित्ताने सोमल मागविला व हेमचंद नावाच्या जवाहिऱ्याकडून हिरे आणले. १४ जानेवारी १८७५ रोजी मल्हाररावांस कैद करण्यात आले. राज्यावर असलेल्या एका मराठी राजास खुनाच्या प्रयत्नाच्या आरोपावरून न्यायासनापुढे उभे करण्याचा हा प्रसंग देशभर गाजला. पुण्या-मुंबईपासून कलकत्त्यापर्यंतची वर्तमानपत्रे दुसऱ्या विषयावर फारसे लिहीत नव्हती.

२३ फेब्रुवारी रोजी बडोद्यास चौकशी मंडळ बसले. त्यात तीन युरोपीय व तीन हिंदी सभासद होते. बंगालचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच हे अध्यक्ष, त्यांच्याबरोबर सर रिचर्ड मीड व मेल्व्हिल. हिंदी बाजूस ग्वाल्हेरचे जयाजीराव महाराज शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंग, व ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव राजवाडे. सरकारच्या वतीने मुंबईचे अॅडव्होकेट जनरल स्कोबल, व महाराजांच्या वतीने मुद्दाम विलायतेहून आणविलेले सार्जंट बॅलंटाइन उभे राहिले. बॅलंटाइन यांनी सोमलाच्या अस्तित्वावर हल्ला करण्यात वेळ दवडला नाही. त्यांचा सारा रोख एकाच प्रश्नावर होता: पेल्यात विष होते हे मान्य, परंतु ते महाराजांच्या हुकुमावरून आले हे कशावरून? रावजी व दामोदरपंत माफी मिळविलेले साक्षीदार; एक पुडी पोलिसांच्या हातून निघालेली; आणि हेमचंद जवाहिऱ्याने तर न्यायासनापुढे हिरे विकल्याचे साफ नाकारले. महाराजांनी लेखी निवेदन देऊन आरोप नाकारला.

मंडळाचे मत दुभंगले. तिन्ही युरोपीय सभासदांनी महाराजांस दोषी ठरविले. तिन्ही हिंदी सभासदांनी आरोप सिद्ध झाला नाही असे मत दिले. हा भेद केवळ रंगाचा होता असे अनेकांनी त्या वेळी म्हटले. आमच्या मते त्यात पुराव्याच्या स्वरूपाचाही भाग होता. विष होते येथपर्यंत सहाही जण एकत्र आले, कारण तेथपर्यंत रसायनशास्त्राने त्यांस हात धरून नेले होते. तेथून पुढचा रस्ता मनुष्याच्या जबानीचा होता, आणि तेथे प्रत्येकास आपापल्या विश्वासाने चालावे लागले.

मत दुभंगल्यावर सरकारपुढे पेच पडला. लॉर्ड नॉर्थब्रुक यांच्या सरकारने विषप्रयोगाच्या आरोपावर शिक्षा न देता, एप्रिल १८७५ मध्ये, गैरकारभार व नालायकी ह्या कारणांवरून मल्हाररावांस पदच्युत केले. सुधारणेसाठी दिलेली मुदत संपण्यास अद्याप आठ महिने बाकी होते. महाराजांस मद्रासेस पाठविण्यात आले. जमनाबाई पुण्याहून परतल्या, व त्यांनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथील गोपाळराव नावाचा एक शेतकरी घराण्यातील मुलगा दत्तक घेतला. २७ मे १८७५ रोजी तो गादीवर बसला. तेच सक्तीचे शिक्षण व ग्रंथालये यांसाठी पुढे कीर्ती पावलेले तिसरे सयाजीराव महाराज होत. मल्हारराव मात्र १८८२ साली मद्रासेसच वारले. ज्यांच्या पेल्यात विष सापडले ते फेअर सैन्यात मोठ्या हुद्द्यास चढले व १८९७ पर्यंत जगले.

हा खटला आज झाला असता तर काय झाले असते, असा प्रश्न आमच्या शास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस सहज सुचेल. पेल्याआधीही काही दिवस आपली प्रकृती बरी नव्हती, तेव्हा पूर्वीही आपणांस थोडथोडे विष दिले गेले असावे, असे फेअर यांचे म्हणणे होते. त्या काळी ते पडताळून पाहणे शक्य झाले नाही. आज त्यांचे मूत्र, केस व नखे प्रयोगशाळेत गेली असती. सोमल पोटात गेला म्हणजे यकृत त्याचे रूपांतर करते व काही दिवसांत तो बहुतेक मूत्रावाटे निघून जातो. परंतु केसांत व नखांत त्याचा अंश अडकून राहतो, व केस वाढत जाईल तसतशी त्याच्या लांबीवर जणू तारखेची नोंद होत जाते.

येथे आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे, व ती मार्श यांच्या काळी नीट सोडविता आली नाही. आर्सेनिक आहे एवढे म्हणून भागत नाही. ते कोणत्या रूपात आहे हे पाहावे लागते. सोमल पाण्यात विरघळला म्हणजे जे आर्सेनाइट होते ते अत्यंत विषारी; त्याचा अधिक प्राणवायूयुक्त भाऊ आर्सेनेट काहीसा कमी, तरी विषारीच. शरीरातून बाहेर पडताना त्यांस मिथिल गट जोडलेली निराळी रूपे होतात. उलट समुद्रातील मासे व कोळंबी यांत आर्सेनोबीटेन नावाचे जे रूप असते ते जवळजवळ निरुपद्रवी आहे. आदल्या रात्री कोळंबीचे जेवण झालेल्या मनुष्याच्या मूत्रात एकंदर आर्सेनिक भरपूर निघेल, आणि उतावळा परीक्षक विषप्रयोग झाला म्हणून मोकळा होईल! म्हणून आजच्या प्रयोगशाळेत नमुना प्रथम एका बारीक नळीतून दाबाने लोटतात. नळीत भरलेल्या पदार्थास ही रूपे कमीअधिक चिकटतात, त्यामुळे ती एकामागून एक निरनिराळ्या वेळी बाहेर पडतात. मग प्रखर तापलेल्या प्लाझ्मात त्यांचे अणू मोकळे करून वजनावरून मोजतात. एका लिटरातील मायक्रोग्रामाचाही अंश ह्या रीतीने मोजता येतो. मार्श यांची रीतही मेलेली नाही. सौम्य आम्लात आर्सेनाइटाचाच वायू होतो. नंतर सर्व आर्सेनेटाचे आर्सेनाइट करून पुन्हा मोजावे, व वजाबाकीने दोहोंचे प्रमाण काढावे, अशी तिची सुधारलेली आवृत्ती आजही चालते. खेड्यापाड्यांत विहिरीचे पाणी तपासण्याच्या पेटीत जो कागद पिवळा-तपकिरी होतो, तोही त्याच वायूमुळे होतो.

हे ज्ञान केवळ खुनाच्या खटल्यापुरते नाही. बंगाल, बिहार व बांगलादेश येथील लक्षावधी लोक भूगर्भातून नैसर्गिक रीतीने आलेले आर्सेनिक नळकूपाच्या पाण्यातून वर्षानुवर्षे पीत आले. हातापायांच्या कातडीवर चट्टे उठले, पुढे कर्करोगही जडले. आपल्या गडचिरोलीच्या सीमेपलीकडे छत्तीसगडात कौडीकसा परिसरातही हे संकट आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरास १० मायक्रोग्रामांहून अधिक आर्सेनिक नसावे अशी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने घातली आहे. खोल, हवा न लागलेल्या पाण्यात आर्सेनाइट अधिक असते, व ते गाळण्याने आर्सेनेटापेक्षा कठीणपणे निघते. म्हणून पाणी शुद्ध करावयाचे तरी रूप आधी ओळखावे लागते. तेही विहिरीवरच, कारण बाटलीत हवा लागताच एक रूप दुसऱ्यात बदलू लागते. आमच्या बीड जिल्ह्याच्या काळ्या पाषाणात ही तक्रार सहसा नाही. येथे काही गावी बोअरच्या पाण्यात फ्लुओराइड अधिक निघते, व त्यासाठी परीक्षा निराळी. परंतु धडा एकच आहे: पाणी गोड लागते म्हणून ते निर्दोष असते असे नाही, व ते तपासून घेतल्यावाचून त्यावर दोषही ठेवू नये.

आता पुन्हा मल्हाररावांकडे वळू. आजची सारी साधने त्या मंडळापुढे असती, तर फेअर यांनी किती विष घेतले, कधीकधी घेतले, पुडीतील सोमल व पेल्यातील सोमल यांतील अशुद्ध अंश जुळतात की नाही, हे बरेचसे सांगता आले असते. पोलिसांच्या पुडीचे खरेखोटेपण कदाचित तेथेच उजेडात आले असते. परंतु राजवाड्यात बसून हुकूम कोणी दिला, हे काचेच्या कोणत्याही नळीत दिसले नसते. त्यासाठी साक्षीदार, उलटतपासणी व न्यायाधीशाची विवेकबुद्धी हीच साधने तेव्हा होती व आजही आहेत.

मल्हाररावांच्या चरित्राकडे पाहताना लोक दोन चुका करतात. कोणी म्हणतात, ते जुलमी होते, तेव्हा विषही त्यांनीच घातले असणार. कोणी म्हणतात, विषाचा आरोप सिद्ध झाला नाही, तेव्हा ते निर्दोष राजे होते व परकीयांनी त्यांचा बळी घेतला. दोन्ही पक्ष दोन निराळे पदार्थ एकाच पेल्यात ढवळतात. त्यांचा कारभार वाईट होता, ह्यास प्रजेच्या तक्रारी साक्ष आहेत. विषप्रयोगाचा आरोप मात्र सिद्ध झाला नाही, व जो सिद्ध झाला नाही तो माणसाच्या नावावर मांडण्याचा अधिकार मरणानंतरही कोणास नाही. तसेच, ज्या आरोपावरून त्यांस कैद केले तो सोडून भलत्याच कारणावरून त्यांस काढले, व दिलेली मुदत पुरी होऊ दिली नाही, हा सरकारचा दोषही त्या दोहोंपासून वेगळाच ठेवून मोजला पाहिजे.

आमच्या जिल्ह्यातही कोणी अकस्मात वारला की चार दिवसांत विषाची वार्ता गावभर होते, व कोणाचे तरी नाव तिला चिकटते. व्हिसेरा राखून छत्रपती संभाजीनगरच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातो. त्याचा दाखला येईपर्यंत गावाने निकाल केव्हाच लावलेला असतो. आमच्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काही पोलीस होतील, काही डॉक्टर, काही कदाचित त्या प्रयोगशाळेत बसतील, आणि बाकीचे सर्व त्या पारावर बसणाऱ्यांपैकी असतील. त्या सर्वांस आमची विनंती इतकीच की, दाखला आल्यावर तो नीट वाचावा: त्यात काय लिहिले आहे, आणि काय लिहिलेले नाही. डॉ. ग्रे यांच्या दाखल्यात सोमल होता, हिऱ्याचे चूर्ण होते. मल्हाररावांचे नाव नव्हते.